हे म्हणतील तसं

खुर्ची सरकल्याचा आवाज — कर्रर्र — एवढाच हो, पण वीस वर्षं झाली, कानातून काही जात नाही. बसा, बसा, तुमची हाक यायला वेळ आहे. मी या इस्पितळातल्या फाटक्या चादरी शिवतो, शिंपी माणूस, दुसरं येतंय काय मला — तर आमची ही आणि मी, समोरच्याच खोलीत, डॉक्टरांपुढे. हिच्या घशात गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर गाठ मुळासकट जाईल, पण आवाजही जाईल. मशीनचा शेक दिला तर आवाज राहील, पण गाठ परत येऊ शकते. तुम्हाला काय महत्त्वाचं ते सांगा, मिळून ठरवू. मला वाटलं, यांनाच कळत नाही की काय! — खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. तेवढ्यात हिची खुर्ची पुढे सरकली. हिनं तोंड उघडलं, अन् मी हिच्या हातावर हात दाबून म्हणालो, आम्ही अडाणी माणसं, तुम्हीच ठरवा, जीव वाचला म्हणजे झालं. डॉक्टरांनी तरी विचारलं — बाई, तुमचं काय? ही म्हणाली, हे म्हणतील तसं. अहो, गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी कधी खिसासुद्धा लावला नाही — डावीकडे हवा की उजवीकडे, आधी विचारायचं, मग कात्री.

वाचला की जीव. सहा वर्षं जगली. दुकानात मापं हीच वाचून दाखवायची — छाती छत्तीस, बाही बावीस, मध्येच त्या गिऱ्हाइकाची नक्कल — हसून हसून माझी कात्री वाकडी जायची. ऑपरेशननंतर पाटीवर लिहायची. मोत्यासारखं अक्षर. ‘चष्मा कपाळावर आहे तुमच्या.’ रागावली? छे हो, कधीच नाही — म्हणजे, मला काय ठाऊक? सहा वर्षं पाटी तिच्या मांडीवर होती. तुला काय हवं होतं गं, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. तिनं लिहिलं असतं ना.

मी कोण सांगणारा. पण त्या खिडकीपाशी बसल्यात, त्या तुमच्या मंडळी ना? मघापासून डॉक्टरांचा कागद तुमच्याच हातात दिसतोय, म्हणून म्हटलं. त्यांनी वाचलाय का? — झाली वाटतं हाक. जा, जा. पण — अहो, एकटेच निघालात — त्याही उठल्यात बघा, येतायत — जरा थांबा की, दार लावू न—