मोहानं भरलेली ओटी

तुमची सून गडचिरोलीला जायला नाही म्हणते? अहो, आमच्या आईचं ऐका.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. बाबांची बदली तिकडे झाली. नागभीडला रेल्वेतून उतरून आम्ही बैलगाडीत बसलो आणि आईनं तिथंच जाहीर केलं, "सामान उतरवून घ्या. मी आल्या रेल्वेनं परत जाणार!"

बाबांनी कशीबशी समजूत काढली आणि गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान डोमाजीनं भर रस्त्यात बैल थांबवले. समोर मोहाच्या फुलांचा सडा पडला होता.

"काऊन थांबला रे?" बाबांनी विचारलं.

"मोहावर चाक नाई घालत, साहेब. अन्न हाये ते आमचं."

आई तणतणत सामानातला झाडू घेऊन उतरली.

"झाडू नोका लावू, बाई! हातानं वेचा."

मग काय, सगळेच बसलो वेचायला. पण जागा मोकळी केली की वरून पुन्हा टपटप! आईनं चिडून वर पाहिलं, आणि पाहतच राहिली. झाडाला पान नव्हतं, नुसती फुलं, आणि त्यांतून कोवळं ऊन गळत होतं. तिनं एक फूल तोंडात टाकलं.

"अगंबाई, किती गोड!"

बघता बघता तिचा पदर भरला. डोमाजी हसला.

"ओटी भरली न बाई तुमची? माहेरी भरतेत तशी."

आईनं भरला पदर कमरेला खोचला. परत जायचं काही पुन्हा बोलली नाही.

पुढे नागपूरची बदली आली. बाबा पेढे घेऊन घरी आले, तर आई कडाडली, "पेढे काय वाटता? इथं माझं माहेर सुटतंय!"