तिम्मव्वाची टाकी

मंडळी, कीर्तन सुरू करण्याआधी एक प्रश्न. पुढे गेलेला माणूस ओळखायचा कसा? हातातल्या यंत्रावरून? पोरांनो, तुम्ही विचार करा — मोठ्यांना जांभई देऊ द्या!

अंबिका नावाची सातवीतली मुलगी. तिच्या कोरेगुरुजींनी फळ्यावर चार पायऱ्या काढल्या — दगडी हत्यारं, नांगर, इंजिन, संगणक. म्हणाले, समाज असा एकेक पायरी चढतो, असं अर्थशास्त्र सांगतं. आपापल्या घरच्यांची नावं लिहा बघू. पोरं धावली! कुणाचा बाप नांगरावर, कुणाचा काका थेट संगणकावर. तो काका मोबाइलच्या दुकानात झाडू मारायचा — पण पुतण्याला अडवणार कोण?

अंबिका खडू धरून उभीच. तिची आई तिम्मव्वा दारोदार हिंडून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खडबडीत करायची. दगड म्हणजे तळाची पायरी! पोरीनं सांगितलं, आई घरीच असते. आणि घरी येऊन आईला बजावलं, शाळेवरून हाळी देत येऊ नकोस. तिम्मव्वा रागावली नाही हो. ती रस्ता बदलून जाऊ लागली.

पुढं काय झालं? गावातल्या गिरणीवाल्या मल्लप्पानं गिरणीला नवी, दमदार मोटर बसवली. त्याला वाटलं, एवढा जोर आहे, आता टाकी कशाला? गिरणीच्या दगडांनाही टाकी लावणाऱ्या तिम्मव्वाला त्यानं तसं सांगूनही टाकलं. महिन्याभरात पीठ भरड यायला लागलं, तेही हाताला चटका बसेल असं. गावभर भाकऱ्या थापतानाच चिरू लागल्या! तालुक्याहून मेकॅनिक आला. म्हणाला, मोटर ठणठणीत आहे, गिरणीचे दगड गुळगुळीत झालेत, टाकीवालीला बोलवा.

तिम्मव्वा आली. दळणाच्या रांगेत गुरुजी होते, वर्गातल्या दोन मुली होत्या, आणि डबा घेतलेली अंबिका. आईनं लेकीला पाहिलं — आणि नजर खाली घातली. ओळख दाखवली नाही. टक् टक् टक्... छिन्नी चालू झाली. तेवढ्यात दगडाची एक कच उडाली, तिच्या डोळ्यात गेली. गुरुजी पुढं झाले.

"बाई, तुमच्यासोबत कुणी आहे का?"

"नाही गुरुजी. मी एकटीच हाय."

मंडळी, ऐकलंत? डोळ्यातून पाणी वाहतंय, आणि ही माउली लेकीची लाज राखतेय!

अंबिकानं डबा खाली ठेवला. आईजवळ बसली, ओढणीच्या टोकानं कच काढली.

"गुरुजी, ही माझी आई. मी खोटं बोलले होते."

गुरुजींनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला.

बाळांनो, पायऱ्या खऱ्या आहेत. चढा, खूप चढा! पण वरची पायरी हवेत नसते रे, कुणाच्या तरी हातांवर असते.

आता मोठ्यांना विचारतो. आपल्यासाठी 'मी एकटीच' म्हणणारं तुमच्या घरात कुणी आहे का? आठवलं ना? मग कीर्तन संपायची वाट बघू नका. टाळ खाली ठेवून आत्ता उठलात, तरी पांडुरंग रागावणार नाही.