स्कार्फचं निळं टोक

शेफील्डमधल्या फ्रेमवाल्याकडे माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी उभी होती. काउंटरवर त्यांचा फुटबॉलचा जुना स्कार्फ पसरला होता, लाल-पांढरा, हाताने विणलेला.

"विल्फकाका, हे एक टोक निळं कसं हो?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"लाल लोकर संपली आणि दुसऱ्या दिवशी मॅच. नोराने घरात होती ती निळी लावून टाकली."

"अहो, पण निळा म्हणजे गावातल्या दुसऱ्या टीमचा रंग!"

"तिला काय त्याचं! माझा गळा उघडा राहू नये, एवढंच तिला ठाऊक."

"आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळायचं नाही. तुम्ही असं करा, ते टोक मागे दुमडून टाका," मुलगी फ्रेमवाल्याला म्हणाली.

"जेनिस, तू गप्प बस."

"बाबा, तुमची पबमधली मंडळी घरी येतात. टर उडवतील तुमची."

"उडवू देत."

"आता उडवू देत! स्टँडमध्ये मात्र ते टोक कायम कोटात खोचलेलं असायचं."

"तिथे आपल्याच लोकांनी बडवलं असतं मला."

"मग दुसरा घ्यायचात ना. मैदानाबाहेर ढिगाने मिळतात."

"मिळतात की. पण ते तुझ्या आईने विणलेले नसतात."

फ्रेमवाल्याने टेप लावून पाहिली.

"काका, सगळा काही मावत नाही. थोडा भाग दुमडावाच लागेल."

"मग लाल दुमडा."