इंटरव्हलनंतरचं

"हॅलो?… हो सर, पंचफुलाच बोलून राह्यली. बोला."

शनिवारी सकाळी झाडलोट संपता संपता हा फोन यायचा. यवतमाळच्या त्या जुन्या टॉकीजच्या दारावर पंचफुला तिकिटं फाडायची, आणि फोन असायचा घाटंजीच्या घनश्याम सरांचा. सर शाळेत शिकवत आणि मोबाइलवरच्या आपल्या पॉडकास्टमध्ये नव्या सिनेमांची सालटी काढत. जिल्ह्यातली माणसं त्यांचं ऐकून सिनेमाला जायचं की नाही ते ठरवायची, आणि टॉकीजचा मालक त्यावरून सिनेमा ठेवायचा की उतरवायचा ते ठरवायचा. ऐकणाऱ्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की सर शुक्रवारी तीनच्या खेळाला येतात, मध्यंतराला उठतात आणि पावणेपाचची गाडी धरतात. उरलेला अर्धा सिनेमा पंचफुला त्यांना शनिवारी फोनवर सांगायची. सहा वर्षं सांगत होती.

"हो, तोच. राजूरच्या पोराचा… हो, संघदीपचा… आइकून राह्यली ना मी. तुम्ही बोला."

सर बोलत राहिले. तिनं फोन कानापासून जरा लांब धरला. शेजारच्या बाकावर सिनेमाचं मशीन चालवणारा रूपसिंग डबा उघडून बसला होता. त्यालाही सूर ऐकू येत होता, शब्द नाही. सूर ओळखीचाच होता. कुणाला तरी सोलायचं असलं की सरांचा आवाज असा गोड व्हायचा.

यावेळी सोलायची होती ती संघदीपनं आपल्या सिनेमात मांडलेली, कोळशाच्या खाणीजवळ राहणाऱ्या बाईची गोष्ट. बाई सकाळी उठते, भाकरी थापते, घमेलं डोक्यावर घेते. नवरा बोलतो, सासू बोलते, शेजारीण बोलते. बाई पहिल्या दृश्यापासून तोंड म्हणून उघडत नाही. सरांनी ते बरोबर हेरलं होतं. आजच्या भागाचं नावसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

"मुक्या दिग्दर्शकाचा मुका सिनेमा… हो, समजलं ना. लोकं हसतीन… दुपारीच रेकॉर्ड करता? बरं… इंटरव्हलनंतर काय होते ते सांगतो, पन थांबा जरासे. आधी मले एक सांगा सर. भजे खायले येते तो कोन?"

कसले भजे, सरांनी विचारलं.

"तुम्हीच म्हनले ना. गावातल्या प्रेक्षकाले सिनेमाची कदर नाही, तो इंटरव्हलमध्ये भजे खायले येते… आमच्या सलोनीनं आइकवलं. नात हाय माही… हो, पुराच आइकला, सरकवला नाही… राग कायले येईन मले?"

राग खरोखरच आला नव्हता, निदान तेव्हा. गुरुवारी सलोनीनं मोबाइल तिच्यापुढे धरला आणि पंचफुलानं आयुष्यात पहिल्यांदा सरांचा पॉडकास्ट ऐकला. कुठल्याशा सिनेमात एक म्हातारा मरतो. तो कंदिलातलं रॉकेल संपावं तसा मेला, असं तीच कधीतरी फोनवर बोलली होती. सर तेच वाक्य संथ आवाजात म्हणाले आणि पुढे म्हणाले, की हा मृत्यू पाहताना माझ्या मनात ही प्रतिमा उमटली. पंचफुलाला हसू आलं. पाहायला हा माणूस होता कुठं? तेव्हा तर तो गाडीत खिडकीशी बसून डुलक्या घेत असणार. मग लगेच भज्यांचं वाक्य आलं आणि हसू थांबलं.

"भजे खानारा भजे खाऊन आत तरी येते, सर. तुम्ही भायेर जाता ते येतच नाही… गाडीचं नका सांगू मले. माहा भासरा एस्टीच्या डेपोत होता. सातची गाडी हाय, साडेआठची हाय. पावणेपाचच्या गाडीत बसायले जागा भेटते, म्हनून जाता तुम्ही."

रूपसिंगचा घास हातातच राहिला.

"हॅलो?… हाय ना मी. वाटलं तुम्हीच गेले… नाही, भांडून नाही राह्यली. सहा वर्सं कधी भांडली का? तुम्ही पुसलं, मी सांगितलं. बरं, दुसरं पुसतो. काल रातच्याले त्या पोराचा फोन आलता का तुमाले?"

हे तिला विचारायचं नव्हतं. पण विचारून झालं होतं.

संघदीप काल चारही खेळांना हजर होता. पडद्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. मागच्या भिंतीला टेकून तो लोकांच्या पाठी बघत होता. तीनच्या खेळाला मध्यंतर झालं, सर पिशवी काखेत मारून उठले, आणि त्यांच्यासाठी दार यानंच उघडून धरलं. सर त्याला ओळखतही नव्हते. आत दिवे मालवले तरी त्यांची खुर्ची रिकामीच. तेव्हा त्यानं पंचफुलाजवळ येऊन हळूच विचारलं होतं, सरांना एवढा वाईट वाटला का? सहा वर्षांची सवय जिभेवर होती. ती म्हणाली, नाही बाबू, त्यांचं पोट बिघडलं.

"मीच सांगितलं त्याले तसं… तब्येत पुसायले केलता ना फोन? मंग तुम्ही काय म्हनले?… आता बरं हाय म्हनले."

तिनं डोळे मिटून घेतले.

"म्हंजे त्यानं पोटाची चौकशी केली, तुम्ही त्याले पोटाचं सांगितलं, आन् आज दुपारी त्यालेच मुका म्हनता… हसून नाही राह्यली, सर. लाज वाटून राह्यली. तुमची नाही, माही."

आता सर भराभर बोलू लागले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं इतकी वर्षं सांगितलं म्हणून तर त्यांचं जमलं होतं. कधी तिनं नाही म्हटलं नव्हतं, उलट चार माणसं ज्याचं ऐकतात असा माणूस आपल्याला विचारतो याची तिला ऐट होती. हे सगळं तिला कबूल होतं. पण त्यांना हवं होतं ते एवढंच, की पंचफुलाबाईंनी आपलं नेहमीसारखं पुढचं सांगून टाकावं.

सांगायला काय लागत होतं? मध्यंतरानंतर दहाव्या मिनिटाला ती बाई घमेलं खाली ठेवते आणि बोलते. एकच वाक्य बोलते. काल चारही खेळांना त्या वाक्याला टॉकीज चिडीचूप झालं होतं. पाणी प्यायला उठलेला एक माणूस तसाच अर्धवट उभा राहिला होता. ते वाक्य पंचफुलाला पाठ झालं होतं. सांगितलं तर सर मुका सिनेमा म्हणायचे नाहीत आणि संघदीपचा सिनेमा वाचेल. पण मग तेच वाक्य संध्याकाळी पॉडकास्टवर येईल, त्या संथ आवाजात, रॉकेलच्या कंदिलासारखं. ऐकून बसलेली माणसं पुढच्या खेळाला येतील तेव्हा बाईनं तोंड उघडण्याआधीच त्यांना सगळं ठाऊक असेल. नाही सांगितलं तर दुपारी सर पोराला मुका ठरवून मोकळे होतील आणि मालक येत्या शुक्रवारची वाटही पाहणार नाही.

"सर, एवढंच सांगतो. ती बोलते… हो, इंटरव्हलनंतर. मुकी नाही… आता तुमच्या भागाचं नाव काय ठेवता ते तुमचं तुम्ही पाहा."

तिकडे कागद चुरगळल्याचा आवाज झाला.

"काय बोलते ते नाही सांगत… नाही… एक वाक्य असो, नाही तर अर्धं असो… मी कधी नाही म्हनली नाही, खरं हाय. आज म्हनून राह्यली… उपकार कायचे सर? इथं अंधारात बसायले पावणेपाचच्या गाडीपेक्षा जास्त जागा हाय. या, आन् आपल्या कानानं आइका."

सरांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. मग पुन्हा गोड झाला, आणि पंचफुलानं कपाळाला आठी घातली.

"रूपसिंगसंग बोलायचं हाय?… हाय ना. इथंच बसला हाय. पुसा त्याले."

तिनं फोन पुढे केला. रूपसिंगनं हात धोतराला पुसले, फोन घेतला आणि कानाशी धरून शांतपणे ऐकलं. तो कुणाशी बोलत नसे. चार शब्दांत काम होत असेल तर तो दोनच वापरायचा, त्यामुळे पंचफुलाचा जीव जरा वरखाली झाला. सरळ माणूस, विचारलं की सांगून टाकणारा.

"नमस्ते सर… हो, ऑपरेटर," रूपसिंग म्हणाला. "काय हाय सर, आपन मशीनघरात राहतो. मशीनच्या आवाजात ती बाई काय बोलते, आपल्याले कधी आइकूच आलं नाही."

 तिकडून काहीतरी थोडकं विचारलं गेलं.

"आज? तीनलेच लावतो… सुटते सहाले… हो सर, सातची गाडी भेटते."

त्यानं लाल बटण दाबलं, फोन तिच्या हातात दिला आणि राहिलेला घास तोंडात घातला. पंचफुला त्याच्याकडे बघत राहिली. काल चारही वेळा, बाईनं घमेलं खाली ठेवलं की मशीनघराच्या झरोक्यातून रूपसिंगचं डोकं बाहेर आलं होतं, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत आत गेलं नव्हतं.