बारा डोकी आणि एक चादर

मी, बास्केटबॉल संघाच्या बसचा चालक, वय ६८ वर्षे, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार संघाच्या कार्यालयामागे गॅरेजच्या माडीवरील खोलीत. संघात मला सगळे तात्या म्हणतात. आज दुपारी पावणेपाच वाजता मी आपणहून पोलीस ठाण्यात आलो असून, विचारल्यावरून सांगतो ते असे.

गेली नऊ वर्षे मी ही बस चालवतो. माझे लायसन्स चालू आहे, डोळे मागच्याच महिन्यात तपासले आहेत. तो मुद्दा इथे नाही असे साहेब म्हणाले. तरी लिहून घ्यावे.

हरवलेला मुलगा आमच्या संघात खेळतो. वय बावीस. सगळे त्याला शिडी म्हणतात, कारण त्याला बसमध्ये मान वाकवूनच चालावे लागते. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. डावा घोटा सुजरा. अंगात राखाडी शर्ट. पायात रबरी चपला असाव्यात, कारण बूट बसमध्येच आहेत.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बस निघाली. माझ्याशिवाय तेरा जण होते, बारा खेळाडू आणि प्रशिक्षक. सामना इथे चार वाजता होता. शिडीला काल कणकण होती म्हणून शेवटची लांब सीट त्याला दिली होती. पोचेपर्यंत त्याला कोणी उठवायचे नाही, अशी प्रशिक्षकांची सक्त ताकीद होती.

नऊ पस्तीसला मी डिझेल भरायला पंपावर थांबलो. मुले चहाला गेली. नऊ पंचावन्नला सगळे चढल्यावर मी नेहमीप्रमाणे डोकी मोजली. मागे जाऊन म्हणालो, "चादर जरा उचलून बघतो." त्यावर प्रशिक्षक म्हणाले, "तात्या, हात लावू नका. त्याची झोप मोडली तर चार वाजता कोण उतरणार, तुम्ही?" एक मुलगा म्हणाला, "उतरू द्या सर, तात्यांना बसून चेंडू टाकायला स्टूल देऊ." सगळे हसले. मीही हसलो. बारा डोकी आणि एक चादर, असे मी तेरा धरले आणि बस काढली.

बारा पन्नासला आम्ही स्टेडियमवर पोचलो. चादरीखाली कपड्यांच्या दोन बॅगा आणि चेंडूंची जाळी निघाली. बूट सीटखाली जोडीने ठेवले होते. उजव्या बुटात त्याचा फोन होता, बंद केलेला.

मी म्हणालो, "सर, मी बस मागे घेतो, तीन तासांत जाऊन बघतो." त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली. म्हणाले, "बस हलली की समोरच्या संघाला वास लागेल. तो नाही हे कळलं, तर सामना सुरू व्हायच्या आधीच आपण संपलो. येईल तो. कुणी कुठे फोन करायचा नाही." मग सगळे आत गेले.

साहेबांनी विचारले, एकच्या सुमारास कळले तर ठाण्यात यायला पावणेपाच का वाजले? मधल्या वेळात मी जेवलो. रक्तदाबाची गोळी घेतली.

तीननंतर मी आत सराव बघत उभा होतो. मला खेळ कळत नाही. पण मुले चेंडू फेकत होती, शिडी नेहमी उभा राहतो तिथे. तिथे कोणी नव्हते. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. ज्याने फेकला होता, त्याच मुलाने पुन्हा तिथेच फेकला.

साडेतीनला शिडीच्या ताईचा प्रशिक्षकांना फोन आला. मी जवळच होतो. ते म्हणाले, "झोपलाय तो. सामना झाला की बोलेल." हे मी कानांनी ऐकले. त्यानंतर मला तिथे उभे राहवेना. चार वाजून वीस मिनिटांनी मी निघालो आणि विचारत विचारत पायी इथे आलो.

संघात कोणाशी भांडण होते का, असे साहेबांनी विचारले. भांडण नव्हते. सगळे त्याला फुलासारखे जपत. गेल्या वर्षी त्याचा घोटा मोडता मोडता वाचला. दवाखान्यात मीच नेले होते. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. तो नव्हता तेव्हा तीन सामने झाले, तीनही हरलो. एकोणिसाव्या दिवशी त्याला इंजेक्शन देऊन खेळायला उतरवले. त्या दिवशी संघ जिंकला, मुलांनी त्याला खांद्यावर नाचवले. परत निघताना तो बसच्या पायऱ्या बसून बसून चढला.

आता सांगतो ते मी प्रशिक्षकांना सांगितलेले नाही. पंपावर मी टायर बघत असताना शिडी माझ्याजवळ आला होता. म्हणजे तो उतरला होता हे मला माहीत होते. परत चढला असेल असे मी धरून चाललो.

तो म्हणाला, "तात्या, तुम्ही आजारी पडलात तर बस कोण चालवतं?"

मी म्हणालो, "दुसरा ड्रायव्हर येतो की."

"लगेच?"

"तासाभरात. नाहीतर मालक स्वतः बसतो."

"आणि लोक काही म्हणत नाहीत?"

मी म्हणालो, "लोकांना पोचायचं असतं रे बाबा. पुढे तात्या आहे का आणखी कोण, त्यांना काय त्याचं?"

तो म्हणाला, "मजा आहे तुमची." मग वाकून माझ्या हातातला पाना घेतला, एक नट आवळून दिला आणि पंपाच्या मागच्या बाजूला गेला. तिकडे तोंड धुवायचे नळ आहेत. नळांच्या पलीकडे कालवा आहे. त्याला पोहता येत नाही, हे त्यानेच मला एकदा सांगितले होते.

माझी विनंती आहे की आधी तिथे माणसे पाठवावीत, माझी सही नंतर घ्यावी. ताईला खरे कळवावे. आणि तो सापडला तर त्याला थेट घरी न्यावे, स्टेडियमवर नेऊ नये.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'संघाचे नुकसान झाले म्हणून तक्रार' असे आले होते, ते मी खोडायला लावले. संघ जिंकला की हरला, मला ठाऊक नाही. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.