बायकांच्या बाजूला

(कंपन्यांच्या रस्त्यावरची पोलीस चौकी. सकाळ. १९७८.)

गिरजाबाई : मंग एवढा वेळ काय लिवलंत, हवालदार? कागद तर कोराच हाय!

हवालदार : ए बाई, आवाज खाली. ही चौकी आहे, नळकोंडाळं नाही. रेशनकार्डावर मुलगा, भीमराज. समोर उभी साडी. फिर्याद लिहू कोणाच्या नावानं?

कस्तुरा : कस्तुरा लिहा. आणि उभी का आहे तेही लिहा. वस्ती विचारलीत, बौद्ध वस्ती म्हटलं, तर बाकावरून उठवलंत. मग नाव विचारलंत आणि पदर ओढून बघितलात.

हवालदार : खात्री करावी लागते. कायदा आहे.

कस्तुरा : बाकाचाही कायदा आहे?

गिरजाबाई : कपाळ बघा तिचं! पिंपरीच्या दवाखान्यात चार टाके पडले. मारणाऱ्यांची नावं देतोय आमी, आन तुमी लुगडं तपासताय!

हवालदार : गावच्या सप्ताहात मरायला गेलास कशाला? कीर्तनात थेट बायकांच्या बाजूला! लोक चिडणारच.

कस्तुरा : बायकांनी सरकून जागा दिली होती. पुरुष उठून आले, म्हणाले, आमच्यात बस. गेले तिकडे, तर म्हणाले, तुमच्या वस्तीनं मांडवाबाहेर, चपलांपाशी. मग बसायचं कुठं, हवालदार? लहानपणापासून बाहेर उभं राहून ऐकलंय. काल वाटलं, एकदा बुवांचा चेहरा दिसावा.

गिरजाबाई : आन बुवा तवा काय करत व्हते? डोईवरनं उपरणं घेऊन गवळण झाले व्हते! त्यांच्या पाया पडायला रांग, आन माझ्या पोरीला लाथा?

हवालदार : पोरीला? आत्ता दारात तर भीमराज म्हणून हाक मारलीस.

गिरजाबाई : मारली. बारा वर्सं मारतेय, तिला टोचतंय ठावं असून. आता न्हाई. लिवा, कस्तुरा, आई गिरजाबाई.

हवालदार : लिहितो, बाई, लिहितो. पण टिकायची कशी ही फिर्याद? साक्षीला कोण? गावातला एक तरी उभा राहील?

कस्तुरा : तुम्ही.

हवालदार : मी?

कस्तुरा : बुवांच्या मागं, टाळकऱ्यांत होतात, सयाजीराव. मी तुमच्याकडंच बघत होते. पहिली लाथ बसली, तेव्हाही तुमचा टाळ चुकला नाही.