सोपानरावांचं पान

शिरूर-दौंड एसटीत न्हावऱ्याला धुरपदा चढली, तेव्हा पुढच्या बाकावर एक म्हातारे मामा आणि त्यांची भाची नाओमी यांची जुंपली होती.

“तुझ्या लग्नात मटण नाही? आपल्या बेने इस्राएल ज्यू लोकांत असं कधी झालंय का?”

“मामा, मटण नाही, अंडी नाही, दूधही नाही. हे सगळं सोडायला मी पुण्यातल्या कितीतरी घरांना पटवलंय.”

“मग पाहुण्यांना काय चारा घालणार?”

“नारळाच्या रसातला वांग्याचा रस्सा, वालाचं बिरडं, पुऱ्या. आपल्या मलिद्यात पोहे, खोबरं, साखर आणि फळंच असतात ना? त्याला कधी चारा म्हणालात?”

“मलिदा देवाचा. पंगत माणसांची.”

“मग माणसांचंच बोलू. तुमचे सोपानकाका माळकरी. जन्मभर तुम्ही दोघांनी एकत्र रेल्वेची इंजिनं चालवली. माझ्या आईच्या लग्नात ते काय जेवले?”

मामा खिडकीची काच सरकवू लागले. धुरपदा कान देऊन पुढं सरकली.

“सांगा ना.”

“दोन केळी. दारात बसून.”

“आणि तुम्ही?”

मामांनी खिशातून फोन काढून नंबर लावला.

“सोप्या, नाओमीच्या लग्नात माझ्या शेजारी पंगतीला बसायचं. सगळं भाजीपाल्याचं आहे.”

फोनमधला आवाज अख्ख्या गाडीला ऐकू गेला.

“खरं सांगतुयास व्हय, बेन्या?”

“अगदी खरं.”

“मग रस्सा झणझणीत करा म्हणावं! लेका, आजवर तुझ्या घरचा नुसता वासच घेत आलोय.”

धुरपदा पदर तोंडाला लावायचंही विसरून खदखदून हसली.